रांजणातलं माहेर

आमच्या सुनेनं बाल्कनीत उकिरडा आणून ठेवलाय. ती त्याला कंपोस्टर म्हणते. भाजक्या मातीची एकावर एक रचलेली मडकी, वर झाकण, झाकणावर चिमणीचं चित्र. जुळे सोलापुरातल्या आमच्या या फ्लॅटला बाल्कनी एकच, तिथं माझी खुर्ची, आणि खुर्चीच्या उशाशीच ही ब्याद. कुंड्या होत्याच, आता कुंड्यांचं जेवणही आमच्याच डोक्याशी शिजणार.

"आई, वास येतो का हो तुम्हाला?" पूजानं पहिल्या दिवशी विचारलं.

"नाही गं, अत्तर आल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं.

तिला कळलं नाही की कळून न कळल्यासारखं केलं, देव जाणे. हसली आणि झाकण उचललं. चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, मेथीची देठं, शेंगांची ओली फोलपटं, सगळ्यांचा मिळून एक गरम, आंबूस वास नाकात गेला. वय झालं की माणसं जुन्या वासांनी हळवी होतात म्हणे. होत असतील बापडी. मला राग येतो.

हा वास भवानी पेठेतल्या आमच्या चाळीचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढं लाकडी कठड्याची गॅलरी. खाली बोळ. त्या बोळात विणकर मंडळी सकाळी ताणा पसरायची, म्हणजे बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत सूत ताणून धरायची आणि त्यावर मोठ्या कुंच्यानं खळ फिरवायची. खळ म्हणजे मैद्याची शिजवलेली पातळ पेज. तिनं सूत कडक होतं आणि मागावर तुटत नाही. शाळेला जाताना आम्ही पोरं त्या सुताखालून वाकून जायचो. हात लागला की तेलुगूत शिव्या मिळायच्या, त्या आम्हाला पाठ होत्या. दिवसभर मागांची खटखट, मधूनच गिरणीचा भोंगा, दुपारी कुणाच्या तरी घरी उखळात शेंगांची चटणी कुटल्याचा धप धप आवाज. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की गॅलरीत अनवाणी उभं राहायची सोय नव्हती.

त्या गॅलरीत आईचे डबे होते. रॉकेलचे, तुपाचे, एक बूड गेलेलं घमेलं, एक कान तुटलेली पाटी. त्यांत मिरच्या, शेपू, मेथी, कांद्याची पात. आणि ज्वारी. हो, ज्वारी. चाळीच्या गॅलरीत ज्वारीची ताटं उभी असलेलं दुसरं घर मी सोलापुरात पाहिलं नाही, आणि लोक हसायचे ते काही उगीच नाही.

आई बार्शीच्या पलीकडची, काळ्या रानातली. लग्न होऊन गिरणी कामगाराच्या घरात आली आणि फरशी, पत्रा आणि डांबर बघून कावरीबावरी झाली. "हितं माती म्हनून कुटं दिसत न्हाय," हे तिचं पेटंट वाक्य. एकदा मामा एसटीच्या टपावर पोतं टाकून घेऊन आला. आम्हाला वाटलं हुरडा असेल, शेंगा असतील. पोतं सोडलं तर आत काळी माती. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसून हसून दमले. आईनं मात्र त्या मातीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत.

मग माहेर तुटलं. कशावरून, ते मला आजही धड माहीत नाही. कुणाच्या लग्नात कुणाच्या डोक्याला फेटा बांधायचा राहिला, का कोण कुणाला काय बोललं. मोठी माणसं बोलायची आणि आम्ही आलो की गप्प व्हायची. मामा यायचा थांबला. आईला जाऊ दिलं नाही. बार्शीची एसटी स्टँडवरून रोज सुटत होती, आई तिच्यात बसत नव्हती, एवढंच मला ठाऊक. घरात माहेरचं म्हणून उरलं ते एक पोतं माती.

आणि मातीचं कसं असतं, डब्यात घातली की ती बसत जाते. पाण्याबरोबर थोडी वाहते, वाऱ्याबरोबर थोडी उडते, उपटलेल्या मुळांबरोबर थोडी जाते. दरवर्षी डबे चार बोटं रिते व्हायचे. आईला त्याची धास्ती होती. ही माती संपली तर पुन्हा मिळायची नाही. म्हणून तिनं रांजण मांडला.

पाण्याचा जुना रांजण, तळाला चीर गेलेला. त्यात घरातलं सगळं पडायचं. भाजीची देठं, टरफलं, चोथा, चुलीतली राख, शिळ्या भाकरीचा चुरा. आणि प्रत्येक थरावर माहेरच्या मातीची एक चिमूट. "दूध इरजतो का न्हाय, तशी माती इरजायची," ती म्हणायची. "एवढुसं इरजान घातलं की आख्खा रांजण त्याच मातीचा हुतो बघ." पांढरा बुरा धरला की ती खूष व्हायची. मला बोलवून दाखवायची. खाली गांडुळं वळवळायची, वर बुरा, आणि मधनं वाफ. मी नाक धरायची. तिला ते कळायचंच नाही, की एवढ्या चांगल्या वासाला पोरगी नाक का धरते.

गौरी गेल्या की ती सगळे डबे गोणपाटावर पालथे करायची. रांजण रिता करायची. जुनी माती, नवी माती हातानं कालवायची, ढेकळं बोटांनी फोडायची, आणि डबे पुन्हा काठोकाठ भरायची. माती वाढलेली असायची. तिचा चेहरा त्या दिवशी बघावा. मग ती ज्वारी टोचायची. येळवशीला ताटं लागतात ना.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आईच्या गावाकडं त्या दिवशी आख्खं गाव रानात. ताटांची खोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, आत पाच दगड मांडून पुजायचे, सगळ्या पालेभाज्या आणि ओले दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. रानाला आंबील शिंपडायची आणि मग सगळ्यांनी तिथंच बसून जेवायचं. आईला रान नव्हतं. तिनं गॅलरीत येळवस केली. डब्यातली ताटं वर एकत्र बांधून त्यांची खोप, तिच्यात चुना लावलेले पाच खडे, आणि डब्या-डब्याला आंबील शिंपडत आई त्या दीड हात गॅलरीत फेरी मारायची. अण्णा कौतुकानं बघायचे. आत्या कठड्याला टेकून म्हणायची, "झाली का गं पारू, तुझी शेतीवाडी हिंडून?"

आत्या. आता तिच्याकडं वळायलाच हवं, टाळून किती टाळणार.

अण्णांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन परत आली, आणि आई लग्न होऊन आली तेव्हा किल्ल्या तिच्या कमरेला होत्या त्या तिथंच राहिल्या. अण्णांना तिनं वाढवलेलं, त्यामुळं तिच्यापुढं त्यांची मान वर व्हायची नाही. तरुणपणी ती खालच्या बोळातल्या मागांच्या शेडमध्ये कामाला होती, खळ शिजवायच्या कामावर. बोलणं असं की मिरची झोंबावी. आईच्या रांजणावर तर तिचा दात होता. "घरात घाण साठवती. लक्ष्मी दारातनं माघारी जाईल." टरफलं आई सुपात बाजूला ठेवायची, तर आत्या मुद्दाम ते सूप कठड्यावरून खाली झटकायची. आई मुकाट्यानं जिना उतरायची, बोळातून देठं वेचून पदरात घ्यायची, वर यायची. आत्या वरून बघत उभी. मी त्या वेळी लहान होते, पण आत्याच्या तोंडावरचं समाधान मला समजायचं. त्याला वयाची गरज नसते.

पण गंमत सांगते. गौरी गेल्यावर नवी माती तयार झाली, की तीच आत्या तुळशीचा डबा उचलून सगळ्यात आधी हजर. "आधी माझ्या तुळशीला घाल गं." आई घालायची. पहिली ओंजळ दरवर्षी आत्याच्या तुळशीची. घाण तेवढी आईची, आणि माती झाली की घराची!

दुष्काळ सरल्यावरचं वर्ष असावं ते, किंवा त्याच्या पुढचं. दुष्काळात देठंसुद्धा शेजारच्या शेळ्यांनी खाल्ली, रांजण रिकामाच राहिला होता, डबे पार खाली बसले होते. आईला घाई झाली होती. माती लवकर पिकवायची होती. गावाकडं ती भाताची पेज, ताकाचं धुवण असलं काहीबाही घालायची, त्यानं कुजायला जोर येतो. आमच्याकडं भात कुठला रोज? मग तिची नजर खालच्या खळीवर गेली. मैद्याची पेजच की ती. श्रावणभर उघडीप मिळाली की ताणा पसरला जायचा, आणि काम उरकलं की उरलेली खळ नरसम्मा गटारात ओतायची. नरसम्मा म्हणजे समोरच्या विणकराची बायको. आईनं तिच्याकडं मागितली.

"न्या की वो वैनी," नरसम्मा म्हणाली. तिला वाटलं, लुगड्यांना लावायला नेते.

आई रोज बादली घेऊन खाली जायची आणि वर येऊन रांजणात ओतायची. आत्या दारात बसलेली असायची, सुपात शेंगा घेऊन. कट्कन शेंग फोडायची, दाणा तोंडात, फोलपट सुपात. आई ओतायची, आत्या बघायची. श्रावण सरेपर्यंत हे असं चाललं होतं. मी त्या दोघींच्या मध्ये बसून पाढे म्हणत होते.

एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ही बाई. रांजणाच्या नावानं रोज शंख करणारी. त्या श्रावणात ती रांजणाबद्दल अवाक्षर बोलली नाही.

रांजणाचं काहीतरी बिनसलंय हे आईच्या लक्षात आलं होतं. बुरा धरेना. वाफ निघेना. काठीनं ढवळलं तर कांद्याची टरफलं टाकली तशीच, गुलाबी. "गांडुळं कुटं गेली गं?" ती मलाच विचारायची. मला काय कळणार? मी म्हटलं, वास गेला ते बरं झालं. शेवटी गौरी गेल्या, आणि तिनं नेहमीप्रमाणं गोणपाट पसरलं. पिकलं नसलं तरी डब्यात पिकेल म्हणाली. सगळे डबे पालथे केले, माहेरची होती नव्हती तेवढी माती त्या रांजणातल्या गाळात कालवली.

"वन्सं, तुळस आना की," तिनं हाक मारली.

आत्या उठली. तुळशीचा डबा उचलला आणि गॅलरीच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवला. "औंदा नको," म्हणाली. आणि पुन्हा शेंगा फोडत बसली.

ज्वारी उगवली नाही. मेथीला दोन पानं आली आणि पिवळी पडून बसली. मिरचीची जुनी रोपं, जी दुष्काळातसुद्धा जगली होती, त्यांची पानं कडेनं करपून गळाली. आई पाणी घालायची, बोट खुपसून बघायची, पुन्हा पाणी घालायची. देवाला बोलायची, स्वतःला बोलायची. एक दिवस नरसम्मा कशाला तरी वर आली आणि डब्यांपुढं थबकली.

"काय घातलाव वैनी ह्याच्यात?"

"काय न्हाय बाई. तुजी खळच की. रांजनात घालत हुते."

नरसम्मानं कपाळावर हात मारला. "अय्यो! पावसाळ्यात खळीत मोरचूद टाकतो की वो आमी! बुरशी धरू नये, किडा लागू नये म्हनून. इष हाय ते! मला इचारायचं तर होतं. आन् तुमच्या वन्सं काय बोलल्या नाहीत? त्यांना म्हाईत हाय की. त्यांनीच तर घातलेला आमच्या शेडमधी, किती वर्षं!"

मोरचूद म्हणजे ते निळे खडे. दिसायला काय सुंदर! आईनं नरसम्माकडं बघितलं नाही. ती वळली आणि गॅलरीच्या त्या टोकाला बघितलं. तुळस हिरवीगार होती. मंजिऱ्या आलेल्या. मग आईनं दारात बसलेल्या आत्याकडं बघितलं. आत्यानं शेंग फोडली.

मी वाट बघत होते की आता आई ओरडेल, आता सूप भिरकावेल. मला हवं होतं ते. खरं सांगते, मला तेव्हा कुणीतरी कुणाचे तरी केस धरायला हवे होते. आई कठडा धरून उभी राहिली.

संध्याकाळी अण्णा आले. त्यांना सगळं कळलं. बहिणीला विचारायची छाती नव्हती, मग बायकोची समजूत काढायला लागले. "मातीच ती, पारू. दुसरी आणू."

"कुटनं?" आई म्हणाली.

अण्णांनी चप्पल पुन्हा पायात घातली आणि बाहेर निघून गेले.

तरी त्या वर्षी येळवस झाली. अण्णांनी मंडईतून ज्वारीची ताटं आणली, आईनं ती मेलेल्या मातीत खुपसून खोप केली. दुपारपर्यंत ती माना टाकून लोंबत होती. तिनं आंबील शिंपडली. भज्जी, उंडे, सगळं केलं. आम्हाला वाढलं, अण्णांना वाढलं. आत्यानं ताट पुढं केलं. "मला वाढ की गं, पारू."

आई माझ्याकडं वळली. "पोरी, सांग तुज्या आत्याला. भांडं हितं ठेवलंय. घ्या म्हनावं."

आत्या एवढीशी झाली होती, आणि तेही मी डोळे भरून बघून घेतलं.

त्यानंतर आई आत्याशी बोलली नाही. एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक, एका मोरीत दोघींची धुणी, आणि मधे मी. सांग तुझ्या आत्याला, पाणी आलंय. सांग तुझ्या आत्याला, बाजूला सरा म्हणावं. माझं आख्खं बालपण निरोप पोचवण्यात गेलं. ज्या बाईनं गप्प बसून मारलं, तिला आईनं गप्प बसूनच शिक्षा दिली. पहिल्या पहिल्यांदा आत्या टोमणे मारायची. मग रागवायची. मग एकदा ताप आला तेव्हा रडली, "एकदा तर वन्सं म्हण गं." आईनं डोक्यावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, कपाळ पुसलं, पेज भरवली. वन्सं म्हणाली नाही.

डबे आईनं फेकले नाहीत. गंजून त्यांची बुडं गळेपर्यंत ते गॅलरीत तसेच होते, आत ती माती, पावसात भिजायची, उन्हात तडकायची. गवताचं पातं उगवलं नाही. मामा नंतर कधीतरी यायला लागला, सगळं मिटलं, पण तोवर माहेरच्यांनी ते काळं रान विकून टाकलं होतं.

आत्या गेल्यावर तिची तुळस राहिली. तिला आईनं पाणी घातलं नाही. मीही घातलं नाही. वाळून काड्या झाल्या तेव्हा आईनं डबा उचलून गच्चीवर नेऊन ठेवला. याबद्दल मला कुणी पापपुण्य शिकवू नये. शिकवायची वेळ श्रावणात होती.

आता आजचं सांगते. सकाळी मी बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर सूप, सुपात शेंगा, चटणीसाठी फोडत होते. पूजा आली, झाकण उचललं आणि किंचाळली.

"ई! आई, बघा ना, सगळं पांढरं पांढरं झालंय! बुरशी आली!"

मी मान लांब करून बघितलं. बुरा धरला होता, झकास, कापसासारखा. मी काही बोलले नाही. बोलायचं कारणही नव्हतं. ती आत गेली, फोनवर बोलण्याचा आवाज आला. तिचं माहेर करकंबचं, भावाची द्राक्षबाग आहे. परवाच येताना तो बागेतलं काहीबाही औषध आमच्या कुंड्यांसाठी देऊन गेला होता. ती बाहेर आली तेव्हा हातात वाटी होती.

"दादा म्हणतो, बुरशीला याच्यासारखं काही नाही. द्राक्षाला हेच मारतात."

वाटीत निळे खडे होते.

मोरचूद मी मधल्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. निळा तोच, अंगठीत बसवावा असा. ती वाकली. माझ्या हातात अर्धी फोडलेली शेंग होती, आणि मला ही ब्याद बाल्कनीत नको होती. एक वाटी आत गेली की संपलं. ते खत कुंड्यांत गेलं की तिची झाडं पिवळी पडतील, हौस फिटेल, मडकी खाली वॉचमनकडं जातील, माझी बाल्कनी मला. मला काही करायचंच नव्हतं. नुसती शेंग फोडायची होती. दाणा तोंडात टाकला की झालं. किती सोपं होतं ते! अगं बाई, किती सोपं! आत्याला काहीच कष्ट पडले नसणार.

"अगं ए!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सूप मांडीवरून खाली गेलं, शेंगा फरशीभर. "ठिव ती वाटी खाली! टाकशील तर हात मोडीन! इष हाय ते!"

समोरच्या फ्लॅटमधली बाई बाहेर आली. पूजाचा हात तसाच हवेत. तिचे डोळे भरून आले.

"नीट सांगता येत नाही का हो, आई? सगळ्यांसमोर असं?"

नाही येत. मला नीट सांगता येत नाही, मला कुणी शिकवलंच नाही. मी वाटी तिच्या हातातून हिसकावली आणि झाकण मडक्यावर आपटलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवताना ताट पुढं सरकवलं, तेही माझ्या नातवाला सांगून. "आजीला विचार, भाजी हवी का." विचारू दे. नाही बोलली तर न बोलू दे.

मी बोलले.